आकड्यांचं बोट धरून

सकाळचे दहा वाजून गेले आहेत. शिंजुकू स्थानकाची पूर्व बाजू पश्चिमेला जोडणाऱ्या रुंद वाटेवर आम्ही दोघी उभ्या आहोत, आई आणि मी. ऑफिसची खरी गर्दी आता ओसरली आहे, असं टोकियोतला माणूस म्हणेल. आम्हाला ती ओसरलेली वाटत नाही. काळे कोट घातलेले नोकरदार, चाकांच्या बॅगा ओढणारे परदेशी, छत्री हातात घेऊन झपझप चालणाऱ्या म्हाताऱ्या बायका, सगळे दोन्ही दिशांनी चालले आहेत आणि कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. जगातलं सगळ्यात गजबजलेलं रेल्वे स्थानक म्हणून गिनीज बुकात नोंद झालेली ही जागा. महासाथीच्या आधीच्या मोजणीत इथून दिवसाला ३५ लाखांच्या आसपास माणसं ये-जा करत होती. बाहेर पडायचे मार्ग दोनशेहून अधिक. आम्ही उभ्या आहोत ती वाटसुद्धा २०२० मध्ये खुली झाली. त्याआधी तिकिटाशिवाय या बाजूचं त्या बाजूला जायचं तर चांगलाच वळसा पडायचा.

आई बहात्तर वर्षांची आहे. शाळेतली उभी नोकरी तिनं डोंबिवली ते दादर लोकलनं केली. मराठी सोडून दुसरी भाषा तिला बोलायला आवडत नाही. इंग्रजी अक्षरं ती ओळखते, पण सरकत्या पाट्यांवरचं इंग्रजी वाचेपर्यंत पाटी बदललेली असते. जपानी तर माझ्यासाठीही नुसती चित्रं. मी फोनमधला नकाशा उघडते, बोटांनी मोठा करते. ती माझ्या फोनकडे बघत नाही. ती छताकडे बघते आहे.

"अगं, वर बघ ना," ती म्हणते. "पिवळ्या पाट्या बाहेर जायच्या आहेत. आपल्याला बाहेर नाही जायचं. तो हिरव्या चौकटीचा चौकोन बघ. त्यात सतरा लिहिलंय."

चौकोन आहे यामानोते मार्गाचा. सतरा हा शिंजुकूचा क्रमांक. आम्हाला उएनोला जायचं आहे आणि उएनोचा क्रमांक पाच. सतरावरून उतरत पाचवर यायचं, एवढंच आईला कळायला हवं होतं. ते तिला नकाशावरून आधीच कळलेलं आहे.

फाटकं ओळीनं उभी आहेत. आमच्याकडे परदेशी पाहुण्यांसाठी निघालेलं लाल सुइका कार्ड आहे, चेरीच्या पाकळ्यांचं चित्र असलेलं, २८ दिवस चालणारं. सुइका सुरू झालं नोव्हेंबर २००१ मध्ये. यंत्रावर टेकवायचं, प्रवास संपला की दुसऱ्या फाटकावर पुन्हा टेकवायचं, भाडं आपोआप वळतं होतं. त्याच कार्डावर बस चालते, कोपऱ्यावरच्या दुकानातला भाताचा गोळा मिळतो, फलाटावरच्या यंत्रातून गरम चहाची बाटली निघते. आई कार्ड टेकवते. पिप. फाटक तर उघडंच आहे. ते फक्त चुकलेल्यासाठी बंद होतं. आमच्या शेजारच्या फाटकातून पाठीवर चौकोनी दप्तर घेतलेला एक मुलगा जातो, तेव्हा पिप होत नाही, चिवचिव होते. लहान मुलांच्या अर्ध्या भाड्याच्या कार्डाचा आवाज वेगळा. बाजूच्या खोलीतला कर्मचारी त्या आवाजासरशी मान वर करून मुलाकडे बघतो आणि पुन्हा कामाला लागतो.

"एकटा चाललाय," आई म्हणते. ती त्याच्याकडे वळून वळून बघते.

फलाट क्रमांक पंधरा. जमिनीवर रांगेच्या रेषा आखलेल्या आहेत आणि लोक त्या रेषांवर उभे आहेत. फलाटाच्या कडेला कमरेएवढी दारं. गाडी येते, तिची दारं बरोबर या दारांसमोर थांबतात. आम्ही शेवटच्या डब्यापाशी आहोत, म्हणून मागचा कंडक्टर आम्हाला दिसतो. पांढरे हातमोजे, गडद गणवेश. तो खिडकीतून बाहेर झुकतो, हात लांब करून फलाटाच्या दिशेनं बोट दाखवतो, काहीतरी मोठ्यानं उच्चारतो, मग दार बंद झाल्याच्या दिव्याकडे बोट करतो, पुन्हा उच्चारतो. त्याच्यासमोर कुणीच नाही. तो स्वतःलाच सांगतो आहे. जपानी रेल्वेची ही जुनी शिस्त आहे. जे तपासायचं त्याकडे बोट करायचं आणि तपासलं असं तोंडानं म्हणायचं, म्हणजे डोळा, हात, तोंड आणि कान चौघं मिळून एका कामात गुंततात. तिथल्या रेल्वे तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं १९९४ मध्ये घेतलेल्या प्रयोगात या पद्धतीनं चुका जवळपास ८५ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आम्ही दोघी सुखरूप चढलो की नाही हे त्या माणसानं आत्ता बोट दाखवून मोठ्यानं म्हटलं आहे. आमची नावं त्याला माहीत नाहीत, तरी त्याच्या बोटात आमचा समावेश झाला.

आत बसायला जागा मिळते. डबा भरलेला आहे आणि शांत आहे. फोन सगळ्यांच्या हातात आहेत, पण फोनवर बोलत कुणी नाही. उभ्या माणसांनी पाठीवरच्या पिशव्या पुढे छातीशी घेतल्या आहेत. दाराच्या वर दोन पडदे. त्यावर पुढचं स्थानक येतं. आधी चिनी वळणाची अक्षरं, मग सोपी जपानी, मग इंग्रजी, मग कोरियन. आईला या चारांतलं एकही वाचावं लागत नाही, कारण क्रमांक प्रत्येक वेळी तिथंच असतो. सोळा. पंधरा. ती ओठांतल्या ओठांत मोजते आहे.

पंधरा म्हणजे ताकादानोबाबा. गाडी थांबते आणि फलाटावर एक छोटी धून वाजते. 'अ‍ॅस्ट्रो बॉय' या चित्रकथेतल्या यंत्रमुलाचा जन्म या भागात झाला असं कथाकार ओसामु तेझुका यांनी लिहिलं, त्यांची संस्थाही इथलीच, म्हणून या स्थानकाला त्या मालिकेची सुरावट दिलेली आहे. यामानोतेवरच्या अनेक स्थानकांना अशा निरनिराळ्या धुना आहेत. समोरच्या बाकावर डोळे मिटून बसलेला माणूस ही धून ऐकतो, डोळे न उघडता मान जराशी सावरतो आणि पुन्हा झोपतो. त्याचं स्थानक अजून आलेलं नाही, हे त्याला कानानं कळलेलं आहे.

पडद्यावर आणखी एक चित्र येतं. त्यात आमचा डबा वेगळ्या रंगात, आणि पुढच्या स्थानकावर जिना कुठे, सरकता जिना कुठे, लिफ्ट कुठे, दार कोणत्या बाजूला उघडणार, सगळं दाखवलेलं. हे पाहून आई एकदम माझा हात दाबते.

"कुठल्या बाजूला येणार ते सांगतायत!"

तिच्या आवाजातला आनंद मला समजतो. मुंबईच्या लोकलमध्ये हा प्रश्न रोज हजारो जण विचारतात: दादर कुठल्या बाजूला येणार? आणि गर्दीतून कुणीतरी उत्तर देतंच. कोण विचारतोय हे न बघता, दाराशी लोंबकळत असतानाही, 'उजव्या साइडला, आत्तापासून पुढे सरका' असं सांगणारा माणूस तिथं भेटतो. मुंबईत नवख्याला वाट दाखवणारी माहिती माणसांच्या तोंडात असते, आणि ती माणसं ती हातची राखून ठेवत नाहीत. त्या उदारपणावर आईनं आयुष्यभर प्रवास केला आहे. पण तो मिळवायला विचारता यायला हवं, विचारायला भाषा हवी, धीर हवा. इथं तो प्रश्न विचारण्याआधीच कुणीतरी त्याचं उत्तर दाराच्या वर लावून ठेवलं आहे.

आमच्यासमोर एक तरुण मुलगी उभी आहे. तिच्या पिशवीला लाल पट्टी लटकते आहे, त्यावर पांढरा अधिक आणि खाली पांढरं हृदय. टोकियो महानगर शासनानं २०१२ मध्ये सुरू केलेली ही खूण आहे. ज्यांचं आजारपण किंवा अपंगत्व बाहेरून दिसत नाही, त्यांनी ती लावायची. कुणाच्या छातीत यंत्र असेल, कुणाचा सांधा कृत्रिम असेल, कुणी गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत असेल. मी आईला हळू आवाजात हे सांगते. सांगून होण्याच्या आत ती उठून उभी राहिलेली आहे. मुलगी मागे सरते, दोन्ही हात हलवते, वाकते. आई जागेवर हात थोपटून दाखवते. शेवटी मुलगी बसते आणि शेजारचा प्रौढ गृहस्थ घाईनं उठून आईला आपली जागा देतो. तिघांमध्ये एकही शब्द झालेला नाही.

"कुठे उतरणार, असं विचारायचं राहिलं तिला," आई मला म्हणते. लोकलमध्ये जागा मिळवायची तीच तर रीत.

पाच. उएनो.

मोठं, जुनं, अनेक पातळ्यांचं स्थानक. आईच्या गुडघ्यांना लिफ्ट लागते आणि लिफ्ट फलाटाच्या पार त्या टोकाला आहे. चालत जाताना पायाखालची पिवळी पट्टी आमच्यासोबत येते. उभ्या उंचवट्यांच्या फरश्या म्हणजे पुढे चला, गोल ठिपक्यांच्या म्हणजे थांबा, इथं वळण किंवा कडा आहे. सेइइची मियाके नावाच्या जपानी माणसानं १९६५ मध्ये या फरश्या तयार केल्या, दृष्टी जात चाललेल्या एका परिचितासाठी. १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. आज त्या जगभर आहेत. मुंबई मेट्रोच्या फलाटांवर आपण त्यांच्यावरून रोज चालतो.

या पट्टीवरून समोरून एक गृहस्थ येतात. पांढरी काठी, व्यवस्थित टाय. लोक त्यांच्यासाठी बाजूला होत नाहीत, कारण पट्टीवर कुणी उभंच नाही. जिन्याजवळ पक्ष्याची किलबिल ऐकू येते आणि आई छताकडे पक्षी शोधते. पक्षी नाही, लहान भोंगा आहे. इथून जिना सुरू होतो, हे न दिसणाऱ्याला कळावं म्हणून ती किलबिल वाजते. फाटकाजवळ घंटेचे दोन सूर सारखे वाजत राहतात, ते फाटकाची दिशा सांगतात. काठीवाले गृहस्थ किलबिलीपाशी पोचतात, ठिपक्यांवर क्षणभर थांबतात, कठडा धरतात आणि वर जातात.

फाटकाच्या अलीकडे एक परदेशी जोडपं अडलं आहे. बरोबर दोन लहान मुलं. हातात कागदी तिकिटं. फाटक बंद झालंय, आवाज झालाय, बाईचा चेहरा उतरलाय. तिकीट जवळचं आणि प्रवास लांबचा झालेला. आपल्याकडे अशा वेळी पोटात गोळा येतो, कारण पुढची पायरी दंडाची असते. इथं एक कर्मचारी येतो, वाकतो आणि फाटकाच्या आतच उभ्या असलेल्या यंत्राकडे हात करतो. तिकीट आत घालायचं, जेवढे कमी तेवढे पैसे टाकायचे, नवं तिकीट घ्यायचं. फरकापेक्षा एक येन जास्त नाही. असं यंत्र इथं जवळपास प्रत्येक स्थानकात असतं. किती भाडं लागेल हे नवख्या माणसाला आधी कळणार नाही, हे धरूनच ते फाटकाच्या आत ठेवलेलं आहे. मुलं नवी तिकिटं स्वतः फाटकात घालतात आणि पलीकडे जाऊन उड्या मारतात.

मला हे यंत्र फार मोलाचं वाटतं. नियम मोडणारा आणि नियम न कळलेला, या दोन माणसांत फरक करायचा ठरवलं की किती गोष्टी बदलतात! पहिल्यासाठी दंड असतो. दुसऱ्यासाठी कुणीतरी बसून विचार करावा लागतो, पैसे खर्चावे लागतात, भिंतीला जागा करावी लागते. टोकियोत तो विचार झालेला आहे.

आता जमिनीखाली. गिंझा मार्गाचं उएनो स्थानक खोल नाही; थोडे जिने उतरलो की फलाट. छत बुटकं, खांब जवळजवळ. गाडी येते ती पिवळीधमक. आशियातला पहिला भुयारी रेल्वेमार्ग हा. ३० डिसेंबर १९२७ रोजी उएनो ते असाकुसा असा २.२ किलोमीटरचा पहिला तुकडा सुरू झाला, तेव्हाही गाडीचा रंग पिवळाच होता. आजच्या गाड्यांना तो मुद्दाम परत दिला आहे. नकाशावर या मार्गाचं कडं मात्र नारिंगी, आणि त्यात इंग्रजी 'जी'. उएनो म्हणजे जी सोळा. आम्हाला अकराला उतरायचं आहे.

हे क्रमांक फार जुने नाहीत. टोकियोची भुयारी रेल्वे दोन संस्था चालवतात. टोकियो मेट्रोकडे नऊ मार्ग, महानगर शासनाच्या तोएईकडे चार. एकीच्या गाडीतून दुसरीच्या गाडीत गेलं की भाडं वेगळं सुरू होतं, काही ठिकाणी गाडी बदलायला बराच वेळ चालावं लागतं. ही तोशीस खरी आहे आणि नवख्याला ती जाणवते. पण २००४ मध्ये दोघींनी मिळून प्रत्येक मार्गाला एक अक्षर आणि प्रत्येक स्थानकाला एक आकडा दिला. उएनोहिरोकोजी, सुएहिरोचो, मित्सुकोशिमाए ही नावं परक्या जिभेला वळत नाहीत. पंधरा, चौदा, बारा कुणालाही वळतात. मुंबईच्या किती फेरीवाल्यांनी, किती मजुरांनी बसच्या पाटीवरचा नुसता आकडा ओळखून शहर पालथं घातलं असेल! अक्षर न येणाऱ्यालाही आकडा येतो. ज्यानं स्थानकांना आकडे दिले, त्याला ही गोष्ट ठाऊक होती.

"तेरा," आई म्हणते. कांदा. "बारा." हे मित्सुकोशिमाए, १९३२ मध्ये मित्सुकोशी या मोठ्या दुकानानं स्वतः खर्च उचलून आपल्या दाराशी बांधून घेतलेलं स्थानक. "अकरा. चल."

निहोनबाशीला गाडी बदलायची. आकाशी कडं, त्यात 'टी', आकडा दहा. तोझाई मार्ग. आम्हाला सतराला, कासाईला जायचं आहे. फलाटावर गाडी येते आहे आणि मी पुढे होते. आई माझा कोपर धरते.

"थांब. ही फास्ट आहे."

वरच्या फलकावर या गाडीचा रंग वेगळा आहे. खाली मार्गाचा लांब नकाशा, त्यावर जलद गाडीची वेगळी ओळ. चौदापर्यंत प्रत्येक स्थानकावर ठिपका आणि त्यापुढे पंधरा, सोळा, सतरा रिकामी. ही गाडी थेट अठराला थांबते. भाषा कुठलीही असो, डोंबिवली फास्ट पकडणाऱ्या बाईला हे चित्र वाचता येतं. आम्ही पुढची धीमी गाडी घेतो. इतका वेळ मी तिला टोकियो दाखवत होते. या फलाटापासून ती मला दाखवू लागते.

पंधरानंतर गाडी वर येते आणि डबा उजेडानं भरतो. खाली आराकावा नदीचं रुंद पात्र, काठावर गवत, सायकलवाले, बेसबॉल खेळणारी मुलं. पूल लांबच लांब. सोळा येतं, निशिकासाई. तिथं माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी राहतात आणि संध्याकाळी आम्हाला त्यांच्याकडे जायचं आहे. आधी पुढचं स्थानक. कासाईला आमची गाडी कडेच्या रुळावर थांबून राहते आणि मधल्या रुळावरून जलद गाडी धडधडत पुढे निघून जाते. आई तिच्याकडे समाधानानं बघते.

कासाईच्या रुळांखालीच भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे. आत जायचं तिकीटही यंत्रातून काढायचं आणि रेल्वेसारख्याच फाटकातून आत जायचं. समोर उभा आहे १९२७ चा १००१ क्रमांकाचा पिवळा डबा. आत हिरवट गाद्या, धरायच्या कड्या. बाहेर त्या काळचं फाटक. दहा सेनचं नाणं टाकलं की लाकडी दांडा फिरायचा आणि माणूस आत.

हा डबा ज्यांच्यामुळे धावला ते नोरित्सुगु हायाकावा १९१४ मध्ये लंडनला गेले आणि तिथली भुयारी रेल्वे पाहून आले. टोकियोत हे होणार नाही, जमीन भुसभुशीत आहे, पैसा नाही, असं त्यांना सांगणारे पुष्कळ होते. कुठून कुठे माणसं किती जातात हे बघायला ते रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून खिशातले चवळीएवढे दाणे एका खिशातून दुसऱ्यात टाकत मोजत असत, असं सांगतात. १९२३ च्या भूकंपानं शहर उद्ध्वस्त केलं, पैसा आटला, मार्ग आखडता घ्यावा लागला. तरी चार वर्षांत पहिली गाडी सुटली. त्या कोपऱ्यावरच्या मोजणीचा विचार माझ्या मनातून जात नाही. गर्दीकडे बघताना त्यांनी एकेक माणूस मोजला. सार्वजनिक वाहतुकीची सगळी चांगली कामं तिथून सुरू होत असली पाहिजेत.

आई दमली आहे. मला अजून चालकाच्या खुर्चीत बसून गाडी चालवायचं यंत्र बघायचं आहे. ती घड्याळ बघते.

"तू बघत बस सावकाश. मी जाते पुढे. वहिनीला फोन कर, फाटकाशी ये म्हणावं."

"आई, एकटी?"

"एकच तर स्टेशन आहे. सतराचं सोळा. आणि इथं फास्ट थांबतच नाही, म्हणजे येईल ती माझीच."

मी तिच्याबरोबर फाटकापर्यंत जाते. ती कार्ड टेकवते, पिवळी पट्टी पाळत लिफ्टकडे वळते, दिशेची पाटी बघायला एकदाच थांबते. परक्या देशात, जिथलं एक अक्षर तिला वाचता येत नाही, तिथं माझी आई एकटी गाडीनं निघाली आहे. डोंबिवलीला ती अशीच निघायची, खांद्याला पर्स अडकवून, मागे न बघता. निवृत्तीनंतर, गुडघे दुखू लागल्यावर, तिची ही चाल मी पाहिली नव्हती. थोड्या वेळानं वहिनीचा फोन येतो. "अगं, आत्या पोचल्या. माझ्या आधी फाटकाशी उभ्या होत्या."

संध्याकाळी निशिकासाईला उतरते तेव्हा फलाटावर हिंदी, तमिळ, तेलुगू कानावर पडतं. इथं भारतीयांची वस्ती वाढली ती २००० सालाच्या सुमारास, संगणकांच्या तारखांचा प्रश्न सोडवायला अभियंते येऊ लागले तेव्हापासून. त्यांची कामं निहोनबाशी, ओतेमाची या भागांत, आणि तोझाई मार्ग तिथं न बदलता पोचवतो. एका रेल्वेमार्गानं वस्ती ठरवली, मग वाण्याची दुकानं आली, शाळा आल्या. पुण्यात जपानी शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले.

दादा ऑफिसातून येतो. सकाळची गाडी कशी असते ते तो सांगतो. किबा ते मोन्झेननाकाचो या टप्प्यात २०१९ च्या सरकारी मोजणीत गर्दी १९९ टक्के भरली होती. देशातल्या सगळ्यात वाईट टप्प्यांपैकी एक. बायकांसाठी वेगळा डबा ठेवावा लागला आहे, आणि का ठेवावा लागला ते आम्हा तिघींना समजावून सांगावं लागत नाही. टोकियोही माणसांचंच शहर आहे. पण आज दिवसभर जे पाहिलं ते त्यामुळे कमी होत नाही. पाहुण्याशी गोड बोलणं सोपं असतं. जो अजून आलेलाच नाही, ज्याचा चेहरा, भाषा, अडचण काहीच ठाऊक नाही, त्याच्यासाठी आकडा लावून ठेवणं, पट्टी घालून ठेवणं, फरकाचं यंत्र ठेवणं हे फार कठीण आतिथ्य आहे आणि ते न थकता करावं लागतं. २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण खुल्या झालेल्या मुंबईच्या मेट्रो तीनला जपानचं कर्ज आहे. त्या कर्जाचे हप्ते आपण फेडू. त्यासोबत ही नजरही आपण घ्यावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. मुंबईच्या माणसांचं तोंड उदार आहेच. भिंतीही तेवढ्याच उदार झाल्या तर दादरला उतरलेल्या सांगलीच्या किंवा समस्तीपूरच्या म्हातारीला कुणाच्या मदतीची वाट बघत थांबावं लागणार नाही.

सांगलीची म्हातारी खरोखर याच घरात आहे. वहिनीच्या आई लेकीकडे येऊन दोन महिने झाले आहेत. खालची बाग आणि कोपऱ्यावरचं दुकान, एवढंच टोकियो त्यांनी पाहिलं आहे. जावई रविवारी नेतो तेव्हा बाहेर. "मला बाई भीती वाटते," त्या म्हणतात. "चुकले तर विचारणार कुणाला? वाचता तरी कुठं येतं?"

आई पिशवीतून पेन काढते आणि वहिनीकडे पाठकोरा कागद मागते. त्यावर मोठ्या, शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिते: आकाशी, सोळा ते दहा, उतरायचं. मग नारिंगी, अकरा ते एकोणीस, तेच शेवटचं स्थानक. कागद ती विहीणबाईंच्या हातात देते.

"एकोणीसला देऊळ आहे, असाकुसाचं. विचारायचं कशाला कुणाला? आकडे वाचता येतात ना? उद्या सकाळी दहाला तयार राहा. आपण दोघी जाऊ. जाताना मी मोजीन, येताना तुम्ही मोजा."